रंग चढला, वजन चढेना: आचऱ्याच्या खाडीतल्या लाल शेवाळाचं प्रकरण

फेब्रुवारीतली सकाळ, कोकणातली आचऱ्याची खाडी, सुकती म्हणजे ओहोटी लागून तासभर झालेला. शेवाळशेती करणाऱ्या बचतगटातल्या काकींनी होडीतून वाकून खुंटाची दोरी वर ओढली आणि माझ्यापुढे धरली. दोरीच्या पिळात वीतवीतभर अंतरावर शेवाळाच्या जुड्या खोचलेल्या. पाण्याबाहेर येताच त्यांचा रंग उठून दिसला. उन्हात वाळत घातलेल्या कोकमासारखा काळपट लाल, वर ओली चकाकी. ‘रंग बगा, कसो इलो हा,’ काकी म्हणाल्या. मग दोरी हातावर तोलत, ‘पण वजन काय चढणा नाय. महिनो झालो.’

मी जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवतो. त्याच गटातल्या एका वहिनींची मुलगी माझ्या वर्गात होती, तेवढ्या ओळखीवर बोलावणं आलं. शेवाळशेतीतला मी तज्ज्ञ नव्हे, हे होडीत बसण्याआधीच सांगून टाकलं होतं. पण प्रश्न निघाला उजेडाचा, आणि तो धडा मी कित्येक वर्षं शिकवत आलोय. त्यामुळे हातात दोरी आल्यावर उत्तर मला लगेच सुचलं. ते चुकीचं होतं.

काय लावलं होतं, कुठे

शेवाळ ग्रासिलेरिया जातीचं. बारीक शेवयांसारखे गोल, फांद्या फुटलेले धागे. आइस्क्रीमपासून प्रयोगशाळेतल्या बशीपर्यंत घट्टपणा आणायला जो ‘अगर’ नावाचा पदार्थ लागतो, तो यातून निघतो. कोकणच्या खडपांवर आणि खाड्यांच्या तोंडाशी ते आपसूक वाढतं, खारटपणा थोडा कमीजास्त झाला तरी सोसतं. गटातल्या आठ-नऊ जणी आधीपासून कालवं करत होत्या. दोरी, तराफा, नांगर, भरतीचं वेळापत्रक यांत त्यांना शिकवण्यासारखं काही नव्हतं.

पाऊस संपून खाडीचं पाणी पुन्हा खारं झाल्यावर, नोव्हेंबरात, त्यांनी बांबूच्या तराफ्याला दोऱ्या बांधून पाण्याखाली अर्ध्या मीटरवर बी सोडलं. वाढ चांगली होती. डिसेंबर सरता सरता मात्र शेवाळ फिकं पडायला लागलं. आधी विटकरी, मग हिरवट पिवळं. कोणाला वाटलं रोग, कोणाला वाटलं ऊन. एका प्रशिक्षणात त्यांच्या कानावर पडलं होतं की हिरवं शेवाळ उथळ पाण्यातलं, तपकिरी मधलं आणि लाल खोल पाण्यातलं. मग काय, जानेवारीत सगळ्या दोऱ्या तराफ्यावरून काढल्या आणि खाडीच्या मधल्या पाटाजवळ खुंट ठोकून त्यांना खाली, पूर्ण सुकतीलाही मीटरभर पाणी राहील अशा बेताने बांधल्या.

आठ-दहा दिवसांत रंग परतला. नमुना बघायला आलेल्या व्यापाऱ्याने माल हातात घेऊन ‘हा असा पाहिजे’ म्हटलं. गट खूश. आणि तिथून पुढे वजनाचा काटा जागचा हलेना.

पुस्तकातला एक नियम

माझं होडीतलं उत्तर असं होतं: ‘दोऱ्या अजून थोड्या खाली घ्या. लाल शेवाळाला खोल पाण्यातला उजेड मानवतो.’ म्हणजे प्रशिक्षणातलंच वाक्य मी पदवी लावून परत दिलं. हा नियम येतो कुठून ते सांगतो, कारण तो खोटा नाही. अर्धा आहे.

थिओडोर एंगलमान हा जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ. १८८०च्या दशकाच्या सुरुवातीला त्याने एक भन्नाट प्रयोग केला. हिरव्या शेवाळाचा एक धागा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, त्याच्यावर लोलकातून फोडलेला प्रकाश पाडला, म्हणजे धाग्याच्या एका टोकाला तांबडा, दुसऱ्याला जांभळा आणि मध्ये बाकीचे रंग. पाण्यात सोडले प्राणवायूकडे धाव घेणारे जिवाणू. जिथे शेवाळ जास्त प्राणवायू सोडेल तिथे त्यांची गर्दी. गर्दी झाली तांबड्यापाशी आणि निळ्यापाशी, मध्ये हिरव्यात तुरळक. आजच्या यंत्रांनीही हरितद्रव्य ‘अ’ची भूक तिथेच दिसते: प्रकाशाच्या लहरीची लांबी नॅनोमीटरमध्ये मोजली तर एक शिखर ४४० च्या आसपास निळ्यात, दुसरं ६७५ ते ६८० च्या आसपास तांबड्यात.

लाल शेवाळातही हरितद्रव्य ‘अ’ असतं, फक्त त्याच्यावर एक दुसरं रंगद्रव्य झाकण घालून बसलेलं असतं. त्याचं नाव फायकोएरिथ्रिन. ते साधारण ४९५ ते ५७० नॅनोमीटर, म्हणजे हिरवा आणि हिरवट पिवळा प्रकाश शोषतं आणि ती ऊर्जा हरितद्रव्याकडे पोचवतं. ज्या पट्ट्यात हरितद्रव्याला जवळजवळ काही मिळत नाही, नेमका तोच. हे खरं वाटत नसेल तर लाल शेवाळाची जुडी उकळत्या पाण्यात टाकून बघा. काकींच्या चुलीवर आम्ही टाकली. मिनिटभरात लालाचं हिरवं झालं. फायकोएरिथ्रिन प्रथिनाला बांधलेलं असतं, उष्णतेने ते मोडतं, खालचं हरितद्रव्य टिकतं. ‘म्हणजे ह्यां हिरव्यातलांच,’ वहिनी म्हणाल्या. याहून चांगला सारांश मला वर्गात कधी जमला नाही.

आता समुद्र. पाणी तांबडा प्रकाश झपाट्याने गिळतं. अगदी शुद्ध पाण्यातही ६८० नॅनोमीटरच्या प्रकाशाचा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग पहिल्या मीटरातच संपतो आणि पाच मीटरवर जेमतेम दहावा हिस्सा उरतो. निळा-हिरवा मात्र दूर जातो. मालवणला डुबकी मारणारी पोरं सांगतात ना, खाली गेल्यावर लाल कापड काळं दिसतं, ते यामुळेच. परत उलटायला तांबडा प्रकाश तिथे पोचलेलाच नसतो. एंगलमानने १८८३ साली यावरून अंदाज बांधला: पाण्यात जो रंग उरतो, त्याच्या उलट रंगाचं शेवाळ तिथे राहतं. हिरवा उजेड, म्हणून लाल शेवाळ. दिसायला इतकं चोख की शंभर वर्षं पाठ्यपुस्तकांनी ते सोडलं नाही. बहामाजवळ १९८४ साली २६८ मीटर खोलीवर खडकाला चिकटलेलं लाल शेवाळ सापडलं, तेही नियमाच्याच बाजूने गेलं.

पण विरोधही तितकाच जुना आहे. फ्रिड्रिश ओल्टमान्सने १८९२ मध्येच म्हटलं होतं की कोण किती खोल राहणार हे रंगापेक्षा उजेडाचं प्रमाण ठरवतं. पुढे खोलीनुसार शेवाळांची मोजदाद झाली तेव्हा हिरवी शेवाळंही चांगली खोल आढळली आणि लाल शेवाळं तर भरती-सुकतीच्या पट्ट्यात, उन्हात तापणाऱ्या खडपांवर ढिगाने. आपल्याकडे पावसाळ्यात खडपांवर येणारं पोरफायरा घ्या. जातीने लाल, राहायला पाण्याबाहेर. जाड, थरावर थर असलेल्या शेवाळाच्या अंगावर पडेल तो रंग शेवटी शोषला जातोच; मग पानाचा रंग कोणता याने फारसा फरक पडत नाही.

हे सगळं मला माहीत होतं. होडीत आठवलं नाही, इतकंच.

चकती आणि आण्यांचा हिशेब

दुसऱ्या फेरीत मी चकती नेली. एका स्टीलच्या ताटाला पांढरा रंग मारला, मधोमध भोक पाडून दोरी ओवली, खाली शिशाचं वजन. अँजेलो सेक्की या इटालियन धर्मगुरू-खगोलज्ञाने १८६५ साली भूमध्य समुद्रात अशीच पांढरी चकती सोडून पाण्याचा नितळपणा मोजला, म्हणून ती सेक्कीची चकती. ताट दिसेनासं होतं ती खोली मोजायची. त्या दिवशी ताट सव्वा मीटरच्या थोडं आतच नाहीसं झालं. १.७ ला त्या खोलीने भागलं की उजेड पाण्यात किती वेगाने मरतो त्याचा गुणांक मिळतो. पूल आणि ॲटकिन्स यांचा हा १९२९चा ठोकताळा. गढूळ पाण्यात आकडा जरा कमी धरावा लागतो, पण अंदाजाला पुरतो.

हिशेब वहीत मांडून दाखवला, तर समोर सगळ्यांचे चेहरे कोरे. मग मी आण्यांवर आलो. गुणांक असा आला होता की दर अर्ध्या मीटरला उजेड निम्मा होत होता. पाण्यावर रुपया, म्हणजे सोळा आणे पडले, तर अर्ध्या मीटरवर आठ आणे. एका मीटरवर चार आणे. दीडवर दोन आणे, दोन मीटरवर एक आणा, आणि तीन मीटरवर एक पैसा. जुना, रुपयाला चौसष्टवाला. गटातल्या सर्वांत वयस्कर काकींनी आईच्या तोंडून आणे-पैसे ऐकले होते. त्यांनी बोटांवर मोजून विचारलं, ‘मगे आमचा शेवाळ कितक्या आण्यार आसा?’

इथेच प्रकरणाची गाठ होती, आणि ती मला दिसली नव्हती. तराफा पाण्याबरोबर वरखाली होतो. त्याला बांधलेली दोरी कायम अर्ध्या मीटरवर, म्हणजे कायम आठ आण्यांवर. खुंट जागचा हलत नाही. सुकतीला ज्या दोरीवर मीटरभर पाणी, तिच्यावर भरतीला दोन-अडीच किंवा त्याहूनही जास्त. आमच्या किनाऱ्यावर उधाणाला पाण्याची चढउतार दोन मीटरच्या आसपास असते. म्हणजे तीच दोरी चार आण्यांवरून पैशावर.

त्यातून दुपारची वेळ. भरतीची वेळ काढायचा आपल्याकडचा जुना हिशेब म्हणजे तिथीची पाऊणपट. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहाला, आणि पंधराव्या तिथीला, पौर्णिमा-अमावास्येला, सव्वा-अकराच्या सुमाराला पूर्ण भरती. म्हणजे उधाणाच्या दिवसांत ऐन दुपारी, सूर्य डोक्यावर असताना, खुंटाच्या दोरीवर पाण्याची सर्वांत जाड गोधडी. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास पाण्याची चढउतार सर्वांत कमी असते तेव्हा, उलट: दुपारी सुकती, दोरीला बरा उजेड मिळतो. भरतीचं पाणी समुद्राचं आणि थोडं निवळ असतं, त्यामुळे नुकसान अगदी हिशेबाइतकं होत नाही. पण उधाणात ओढही जोराची, तळाचा गाळ उठतो, चकती सुकतीच्या वेळी हातभर खोलीवरच दिसेनाशी होते. महिनाभर त्या जुड्यांनी सूर्य पाहिला तो तिथीच्या मर्जीने.

‘पण थंडावा खाली,’ एक जण म्हणाली. खाली थंडावाही फारसा नव्हता. उथळ खाडीत पाणी घुसळलेलं, वरचं-खालचं तापमान जवळपास सारखं. शेवाळ दिवसा उजेडात कमावतं आणि दिवसरात्र श्वासात खर्च करतं. कोमट पाण्यात खर्च वाढतो, पैशापैशाच्या उजेडात कमाई कमी. जमाखर्च शून्यावर आला की वजन जागचं हलत नाही. अगदी काट्यावर दिसत होतं तसंच.

मग रंग का चढला

हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण गटाची, व्यापाऱ्याची आणि माझीही फसगत इथेच झाली. गडद म्हणजे पोसलेलं, फिकं म्हणजे आजारी, हा हिशेब आपण शेतातून उचलतो. भातरोप पिवळं पडलं की युरिया आठवतो.

लाल शेवाळात गडदपणा ही पुष्कळदा तंगीची खूण असते. उजेड कमी झाला की ते फायकोएरिथ्रिन वाढवतं, मिळेल तो हिरवा कण वाया जाऊ नये म्हणून. घरात अंधार पडला की आपण खिडक्या उघडतो तसं. उजेड भरपूर असेल तर एवढ्या खिडक्यांची गरजच नसते. शिवाय फायकोएरिथ्रिन म्हणजे प्रथिन, आणि प्रथिन म्हणजे नायट्रोजनचा साठा. वाढ जोरात असेल आणि पाण्यात नायट्रोजन कमी पडत असेल, तर शेवाळ हाच साठा मोडून खातं आणि फिकं होतं. डिसेंबरातल्या वरच्या दोऱ्या बऱ्याच अंशी अशाच होत्या: वाढत होत्या, म्हणून उतरत होत्या. फिकेपणाला एक मर्यादा आहे. त्यापुढे कडक उन्हात पेशी खरंच भाजतात, टोकं पांढरी पडून गळतात. विटकरी आणि पांढरा यांत फरक करायला डोळा बसावा लागतो.

रंगाचं महत्त्व अगदीच नाही असं मात्र नाही. खाडीत कोणता रंग उरतो ते बघायला आम्ही मीटरभर पीव्हीसी पाइप घेतला, एका तोंडाला काच चिकटवली, खालून जुना पिवळा बल्ब लावला. वरून बघायला खोक्यात फट पाडून बसवलेला डीव्हीडीचा तुकडा, म्हणजे गरिबाचा लोलक. आधी विहिरीचं पाणी भरलं: तांबड्यापासून निळ्यापर्यंत सगळा पट्टा. मग खाडीचं पाणी, पंच्यातून दोनदा गाळून. गाळ गेला, तरी पट्ट्याचं निळं टोक मरगळलेलं आणि जांभळं जवळपास गायब. पाणी ग्लासात धरलं तर कोऱ्या चहाचा पुसटसा रंग. कांदळवनात पानं कुजतात, त्यांचा अर्क आहे तो, आणि त्याला निळा-जांभळा प्रकाश फार आवडतो. म्हणजे खाडीत वरून तांबडा पाणी खाणार, निळा हा अर्क खाणार, मध्ये उरणार हिरवा-पिवळा. पुस्तकातल्या निळ्या समुद्राहून वेगळा, पण फायकोएरिथ्रिनच्या सोयीचा. एकाच खोलीवर, एकाच मंद उजेडात, पातळ हिरव्या शेवाळापेक्षा ग्रासिलेरिया थोडं जास्त कमावेल ते यामुळे. पण एका आण्यातून कितीही चतुराईने काढलं, तरी आठ आणे निघत नाहीत.

पंधरवड्याचं वजन

पटवून देण्यापेक्षा तोलून दाखवणं बरं. एकाच ठिकाणच्या शेवाळाच्या शंभर-शंभर ग्रॅमच्या जुड्या केल्या, पाणी निथळून, किराणा दुकानातल्या छोट्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर. तराफ्यालाच तीन खोल्यांवर सोडल्या: आठ आणे, चार आणे, एक आणा. चौथा संच खुंटाच्या दोरीवर, जागचा. मुदत एक पंधरवडा, म्हणजे एक उधाण आणि एक भांग दोन्ही त्यात यावेत. दर दोन दिवसांनी दोऱ्या हलवून गाळ झटकायचा; धाग्यांवर बसलेला चिखल म्हणजे उजेडावर आणखी एक कर.

पंधरा दिवसांनी वरच्या जुड्या पावणेदोन पटीच्या आसपास गेल्या. चार आण्यांच्या दीडपटीच्या जरा खाली. एक आण्याच्या जेमतेम होत्या तेवढ्या. खुंटाच्या चारांपैकी दोन हलक्या भरल्या. त्यांतली एक बहुधा माशांनी कुरतडली होती, म्हणून ती मी मोजत नाही. हा काही शोधनिबंध नव्हे. जुड्या थोड्या, काटा स्वस्तातला. पण क्रम इतका उघड होता की वाद संपला. रंगाचा क्रम बरोब्बर उलटा होता. चारही जुड्या फळीवर ओळीने मांडल्या तेव्हा सर्वांत देखणी ती सर्वांत हलकी.

जांभळी पट्टी

मे महिन्यात दोऱ्या काढल्या आणि नवा प्रश्न आला. पावसाळ्यात खाडी गोडी होते, नदी तांबडी माती घेऊन उतरते, चकती सोडण्यात अर्थच उरत नाही. पुढच्या नोव्हेंबरसाठी बी टिकवायचं तर टाकीत. गटाने पडवीत दोन टाक्या मांडल्या, समुद्राचं पाणी गाळून भरलं, माशांच्या टाकीतला हवेचा पंप लावला. पडवीत आषाढाचा अंधार. कोणीतरी शहरातून झाडांसाठीची म्हणून विकली जाणारी एलईडी पट्टी आणून दिली, भडक जांभळी. विकणाऱ्याने सांगितलं होतं, झाडं फक्त लाल आणि निळाच प्रकाश खातात, हिरवा वाया जातो.

जमिनीवरच्या झाडांच्या बाबतीतही हे अतिशयोक्तच आहे. मॅक्रीने १९७२ साली बावीस पिकांच्या पानांवर मोजून दाखवलं की ४०० ते ७०० नॅनोमीटरमधला जवळपास सगळाच प्रकाश पान वापरतं. हिरव्यात थोडं कमी, शून्य मुळीच नाही. पानात शिरलेला हिरवा प्रकाश आत उसळत राहतो आणि खालच्या थरांत शोषला जातो. शुद्ध हरितद्रव्याचा काचनळीतला आलेख आणि अख्ख्या पानाचा आलेख एकच समजलं की अशा पट्ट्या विकल्या जातात.

पण लाल शेवाळाच्या बाबतीत ती चुकीच्या गिऱ्हाइकाच्या दारात आली होती. १९५० साली हॅक्सो आणि ब्लिंक्स यांनी समुद्री शेवाळांवर रंगारंगाचा प्रकाश टाकून प्राणवायू मोजला. समुद्री सलाद म्हणतात त्या उल्व्हाचा, हिरव्या शेवाळाचा आलेख अपेक्षेप्रमाणे निघाला: जे शोषलं ते वापरलं. लाल शेवाळाने मात्र त्यांना बुचकळ्यात टाकलं. हरितद्रव्य स्वतः जो निळा आणि तांबडा प्रकाश शोषत होतं, त्याचं काम फार थोडं दिसत होतं. काम करत होता तो हिरवा, फायकोएरिथ्रिनमार्फत आलेला.

उलगडा पुढच्या काही वर्षांत झाला. ६८० नॅनोमीटरच्या पलीकडचा तांबडा एकटा दिला तर प्रकाशसंश्लेषण ढेपाळतं, पण सोबत आखूड लांबीचा प्रकाश दिला तर दोघांच्या बेरजेपेक्षा जास्त काम होतं, हे एमर्सनने १९५७ मध्ये दाखवलं. पेशीत दोन प्रकाशप्रणाली असतात आणि त्या एकामागोमाग जोडलेल्या असतात. हे काकींना सांगताना मला रापण आठवली. जाळ्याच्या दोन दोऱ्या किनाऱ्यावर दोन टोळ्या ओढतात. एका बाजूला वीस माणसं आणि दुसरीकडे चार असतील, तर वीस जणांचा जोर फुकट. जाळं तिरपं होतं आणि मासळी निसटते. लाल शेवाळात हरितद्रव्याचा मोठा वाटा पहिल्या प्रणालीच्या बाजूला असतो. दुसरीला मुख्यतः फायकोएरिथ्रिनची टोळी ऊर्जा पुरवते. जांभळ्या पट्टीने वीस माणसांच्या बाजूला आणखी दहा उभी केली. चारांच्या बाजूला कोणी नाही.

टाकीतलं शेवाळ मेलं नाही, पण तीन आठवड्यांत लिबलिबीत झालं, टोकं झडायला लागली. दुसऱ्या टाकीवर पट्टी पुरली नव्हती म्हणून नाइलाजाने साधी पांढरी एलईडी ट्यूब लावलेली. ती टाकी तरारलेली. पांढऱ्या एलईडीत निळ्याचं एक शिखर असतं आणि पुढे हिरव्यापासून नारिंगीपर्यंत सलग पसरट प्रकाश. फायकोएरिथ्रिनला हवं ते सगळं त्यात येतं. दोन टाक्या, सारखंच पाणी, सारखाच पंप. मुद्दाम मांडायला गेलो असतो तरी इतका नेटका प्रयोग माझ्याकडून झाला नसता.

इथे एक गोष्ट कबूल करावी लागते. खाडीत मी सगळ्यांना सांगत होतो की रंग बाजूला ठेवा, किती ते बघा. टाकीवर जांभळी पट्टी आणि ट्यूब डोळ्यांना साधारण सारखीच प्रखर दिसत होती, आणि तिथे रंगानेच निकाल लावला. काकींनी मला ते ऐकवलंच. ‘तेव्हा सांगलास रंगार जाव नुको.’ पावसाळाभर हे वाक्य मला दर फेरीला चहाबरोबर मिळालं.

जांभळी पट्टी फुकट गेली नाही. गणपतीत ती मूर्तीवर टांगतात त्या माटवीच्या कडेने लावली होती, आणि देखणी दिसत होती.

पुढच्या हंगामात

या नोव्हेंबरात खुंट कालवांनाच ठेवले. शेवाळ सगळं तराफ्यावर, दोऱ्यांना अर्ध्या-अर्ध्या मीटरवर सुतळीची गाठ: पहिली गाठ आठ आणे, दुसरी चार. मार्चपासून ऊन चढलं की दोरी गाठीच्या वितभर खाली सोडायची आणि तराफ्याच्या दक्षिण बाजूला नारळाच्या विणलेल्या पानांचे झाप आडवे बांधायचे, असं वहिनींनी सुचवलं. आंब्याच्या कलमांना सावली करतात तसं. झापांनी किती आणे अडतात ते अजून मोजलेलं नाही. त्यांच्या खाली पांढरं ताट धरून बघणार आहोत.

व्यापाऱ्याचा प्रश्न उरलाच. त्याला रंग हवा. अगर किती निघेल हे रंगावरून कळत नाही, हे मी त्याला सांगून पाहिलं. त्याने मान डोलावली आणि पुन्हा गडद जुडी उचलली. शेवटी तोडगा काकींनी काढला. काढणीच्या आधी भांग बघून दहा दिवस दोऱ्या चौथ्या गाठीवर, एक आण्यावर सोडायच्या. तोवर वजन झालेलं असतं, रंग तेवढ्यात चढतो. पहिल्या दोन दोऱ्या परवा तशा सोडल्या. अष्टमीला वर काढणार आहेत, आणि काटा घेऊन मला सकाळी सातला धक्क्यावर बोलावलं आहे.